विजयानंतरची पाने

एखादी मोठी कादंबरी खंडशः प्रसिद्ध होऊ लागली की तिच्या शेवटच्या खंडावर एक निराळाच भार येऊन पडतो. पहिला खंड वाचक कुतूहलाने उघडतो, दुसरा ओढीने उघडतो, आणि तिसऱ्याकडे मात्र तो काहीसा सावकाराच्या नजरेने पाहू लागतो. आधीच्या दोन खंडांच्या वाचनात त्याने लेखकाला जो विश्वास उसना दिलेला असतो, त्याची व्याजासह फेड आता व्हावयाची असते. ही फेड पुरती झाली किंवा नाही, याविषयी वाचकांचे एकमत सहसा होत नाही. विसाव्या शतकातील एका सुप्रसिद्ध अद्भुतकथेच्या अखेरच्या खंडाविषयी असाच मोठा वाद झाला, आणि त्या वादात केवळ वाङ्मयीन आवडीनिवडीपेक्षा अधिक गंभीर असा एक प्रश्न दडलेला आहे.

ही अद्भुतकथा म्हणजे जे. आर. आर. टॉल्किन यांची ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ आणि तिचा अखेरचा खंड म्हणजे ‘द रिटर्न ऑफ द किंग’, अर्थात ‘राजाचे पुनरागमन’. टॉल्किन हे ऑक्सफर्ड विद्यापीठात इंग्रजी भाषा आणि वाङ्मय यांचे प्राध्यापक होते. १९३७ सालच्या डिसेंबरात त्यांनी ही कथा लिहावयास घेतली आणि ती पुरी होण्यास सुमारे बारा वर्षे लागली. लेखकाच्या दृष्टीने ती सहा भागांची एकच सलग कादंबरी होती. परंतु महायुद्धोत्तर इंग्लंडात कागद महाग, पुस्तक अवाढव्य आणि खपाची शाश्वती मुळीच नाही, अशा अडचणीत प्रकाशकांनी तिचे तीन खंड पाडले. पहिला खंड १९५४ च्या जुलैत आणि दुसरा त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात बाहेर पडला. तिसऱ्यासाठी मात्र वाचकांना १९५५ च्या २० ऑक्टोबरपर्यंत, म्हणजे तब्बल अकरा महिने, तिष्ठत बसावे लागले.

हे तिष्ठणे सुखाचे नव्हते. दुसऱ्या खंडाच्या अखेरीस कथानायक फ्रोडो शत्रूच्या हाती सापडलेला आहे आणि त्याचा एकनिष्ठ सेवक सॅम बंद दरवाजाबाहेर असहाय पडलेला आहे, अशा ठिकाणी लेखकाने वाचकाला सोडून दिले होते. विलंबाचे कारण होते परिशिष्टे. आपल्या कल्पित जगाच्या वंशावळी, बखरी, कालगणना आणि लिप्या यांचा तपशील तिसऱ्या खंडाला जोडण्याचा लेखकाचा आग्रह होता आणि तो तपशील काही केल्या संपत नव्हता. एवढे करूनही कबूल केलेली नामसूची त्या खंडात येऊ शकली नाही, आणि प्रकाशकांना त्याबद्दल दिलगिरी व्यक्त करावी लागली. तथापि वाचकांची संख्या वाढत होती, हे खंडांच्या पहिल्या मुद्रणांवरूनच दिसते. पहिल्या खंडाच्या तीन हजार प्रती छापल्या होत्या, तर तिसऱ्याच्या सात हजार. खुद्द लेखकाला या खंडाचे नावच पसंत नव्हते. राजा परत येतो हे मुखपृष्ठावरच सांगून टाकल्यावर कथेत रहस्य ते काय उरले, असा त्यांचा आक्षेप होता. ‘अंगठीचे युद्ध’ अशा अर्थाचे नाव त्यांनी सुचविले होते, पण ते मान्य झाले नाही.

ज्यांनी हा ग्रंथ वाचलेला नाही त्यांच्यासाठी कथेचे सूत्र थोडक्यात सांगणे अवश्य आहे. सॉरॉन नावाच्या एका दुष्ट शक्तीने पूर्वी एक अंगठी घडविली आणि आपले बहुतेक सामर्थ्य तिच्यात ओतले. ती अंगठी फिरत फिरत फ्रोडोच्या हाती आली आहे. फ्रोडो हा हॉबिट जातीचा. हे हॉबिट म्हणजे ठेंगणे, खाण्यापिण्याचे शोकी, शेतीवाडीत रमणारे, पराक्रमाशी काडीचाही संबंध नसलेले लोक. अंगठी जो जवळ बाळगतो त्याला ती हळूहळू आपला दास करते. ती वापरून सॉरॉनला जिंकावे, तर जिंकणाराच दुसरा सॉरॉन होणार. म्हणून जेथे ती घडली त्या ज्वालामुखीच्या अग्नीतच ती टाकून दिली पाहिजे. कथा-पुराणांतील वीर काहीतरी मिळविण्यासाठी प्रवासाला निघतात. हा लहानखुरा जीव काहीतरी टाकून देण्यासाठी निघाला आहे. तिसऱ्या खंडात एकीकडे मोठमोठी सैन्ये लढतात, राजवंशाचा वारस ॲरॅगॉर्न आपले सिंहासन परत मिळवितो, आणि दुसरीकडे फ्रोडो व सॅम उपाशीतापाशी त्या पर्वताची चढण चढत असतात.

या खंडावर पहिल्या काही महिन्यांत जे अभिप्राय आले ते परस्परांच्या इतके विरुद्ध होते की, सगळ्यांनी एकच पुस्तक वाचले होते काय अशी शंका यावी. सी. एस. लुईस यांनी खंड प्रसिद्ध होताच ‘टाइम अँड टाइड’ या साप्ताहिकात त्याचे स्वागत केले. लुईस हे टॉल्किन यांचे स्नेही. ग्रंथ हस्तलिखितात असतानाच लेखकाच्या तोंडून त्यांनी तो ऐकला होता. तेव्हा त्यांच्या लेखात स्नेहाचा अंश गृहीत धरावाच लागेल. तरीही त्यांनी मांडलेला मुद्दा स्नेहापलीकडचा होता. या कथेत मिळणारा विजय कायमचा नाही याची जाणीव कथेतील शहाण्या पात्रांना सतत असते, आणि म्हणून ती भाबड्या आशावादापासून व रडव्या निराशावादापासून सारखीच दूर राहते, असे त्यांनी दाखवून दिले.

पुढच्याच महिन्यात ‘ऑब्झर्व्हर’ पत्रातून कवी एडविन म्यूर यांनी नेमके उलट मत मांडले. म्यूर यांनी आधीच्या दोन्ही खंडांचे परीक्षण आस्थेने केले होते. पण शेवट वाचून त्यांची निराशा झाली. त्यांच्या मते या ग्रंथातील सारी पात्रे प्रौढांचा वेष घेतलेली मुले आहेत. एवढे घनघोर युद्ध होते, पण चांगली मुले त्यातून सुखरूप, विजयी आणि आनंदी अशी बाहेर पडतात. मुलांच्या मनोराज्यात व्हावे तसेच सारे होते. हा आक्षेप सहज झटकून टाकण्याजोगा नाही. अंगठीबरोबर निघालेल्या नऊ सहप्रवाशांपैकी एकच जण कायमचा मरतो, आणि जो दुसरा मेला असे वाटते तो परत येतो. एवढ्या मोठ्या युद्धाच्या मानाने हा हिशेब फार स्वस्त आहे, असे वाटणाऱ्या वाचकाला अरसिक म्हणता येणार नाही.

पुढे १९५६ च्या जानेवारीत कवी ऑडन यांनी ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये या खंडाची मनःपूर्वक स्तुती केली. या पुस्तकाविषयी मध्यम मत असलेला माणूसच भेटत नाही, लोकांना ते एक तर अप्रतिम वाटते किंवा मुळीच सोसवत नाही, असेही त्यांनी नमूद केले. सज्जन माणूस आपण दुर्जन होऊ शकतो याची कल्पना करू शकतो, दुर्जनाला मात्र स्वतःसारख्यावाचून दुसऱ्या कोणाची कल्पनाच करता येत नाही, आणि म्हणूनच हाती आलेली सत्ता कोणी नष्ट करावयास निघेल हे सॉरॉनच्या ध्यानात येत नाही, हे त्यांचे विवेचन आजही मार्मिक वाटते. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये अमेरिकेतील नाणावलेले टीकाकार एडमंड विल्सन यांनी ‘नेशन’ या पत्रात सबंध ग्रंथाचीच रेवडी उडविली. आपल्या सात वर्षांच्या मुलीला त्यांनी तो संपूर्ण वाचून दाखविला होता. त्यांच्या तक्रारींपैकी एक येथे विशेष महत्त्वाची आहे. या नायकापुढे कधीही खरा मोहच उभा राहत नाही, असे त्यांचे म्हणणे होते.

हे म्हणणे ध्यानात ठेवून ग्रंथातील मर्मस्थळाकडे वळले पाहिजे. शेकडो पृष्ठांच्या यातायातीनंतर फ्रोडो अग्निकुंडाच्या काठावर येऊन उभा राहतो. आता हात पुढे करून अंगठी सोडून देणे एवढेच उरलेले असते. आणि तेथे तो ते करीत नाही. अंगठी माझी आहे असे म्हणून तो ती बोटात घालतो. जे काम करण्यासाठी तो निघाला होता, ते अखेरच्या क्षणी त्याच्या हातून होत नाही. ते होते ते गॉलमच्या हातून. अंगठीच्या हव्यासाने पूर्वीच भ्रष्ट झालेला हा दीन, कपटी जीव फ्रोडोचे बोट चावून तोडतो, अंगठी मिळाल्याच्या आनंदात नाचू लागतो आणि तोल जाऊन अंगठीसह आगीत पडतो. विल्सन यांच्यासारख्या चतुरस्र वाचकाला येथेही मोह दिसला नाही, हे नवल होय.

दुसऱ्या एका वाचकाला मात्र तो इतका स्पष्ट दिसला की, त्याने लेखकाला एक जळजळीत पत्र लिहिले. फ्रोडो हा फितूर ठरतो, त्याचा सन्मान करण्याऐवजी त्याला देहान्त शासन व्हावयास हवे होते, असा त्या पत्राचा आशय असल्याचे टॉल्किन यांनी १९५६ मध्ये लिहून ठेवले आहे. एका वाचकाच्या मते नायकाला कधी मोहच पडला नाही, दुसऱ्याच्या मते तो मोहाला असा बळी पडला की फासाला पात्र ठरला, आणि दोघांपुढेही पान एकच.

टॉल्किन यांनी या विषयावर निरनिराळ्या वाचकांना जी उत्तरे लिहिली ती पुढे १९८१ साली त्यांच्या पत्रसंग्रहात प्रसिद्ध झाली. फ्रोडो अपयशी ठरला हे त्यांनी नाकारले नाही. परंतु त्या अपयशाला त्यांनी नैतिक अधःपात मानले नाही. उपासमार, थकवा आणि महिनोन्महिने चाललेला मनाचा छळ सोसून, शत्रूच्या सामर्थ्याचे जेथे केंद्र आहे तेथे उभा असलेला कोणताही जीव त्या क्षणी टिकाव धरू शकला नसता, असे त्यांचे प्रतिपादन आहे. फ्रोडोने आपल्यापाशी होते ते सगळे खर्च केले, आणि कार्य सिद्धीस जाऊ शकेल अशा ठिकाणापर्यंत ते आणून पोहोचविले. त्यापुढचे त्याच्या शक्तीतले नव्हते. ते घडले ते पूर्वी दाखविलेल्या दयेमुळे. गॉलमला ठार मारण्याची संधी प्रथम बिल्बोला, मग फ्रोडोला आणि अखेर पर्वताच्या उतारावर सॅमलाही आली होती. तिघांनीही त्याला जिवंत सोडले. त्यांपैकी एकानेही तलवार चालविली असती, तर त्या काठावर गॉलम नसता आणि अंगठी फ्रोडोच्या बोटातच राहिली असती.

हा प्रश्न केवळ कथेपुरता नव्हता. १९५६ च्या प्रारंभी लिहिलेल्या एका पत्राच्या मसुद्यात टॉल्किन यांनी त्याचा संबंध स्वतःच्या काळाशी जोडला आहे. छळाची आणि माणसाचे व्यक्तिमत्त्व मोडून टाकण्याची तंत्रे आपल्याच युगात कथेतील अंगठीच्या तोडीची होतील, आणि त्या तंत्रांनी सरळ मनाच्या माणसांना फितूर बनविले म्हणजे त्यांच्याविषयी काय निर्णय द्यावा हा प्रश्न प्रत्यक्षात उभा राहील, याची आपल्याला कथा लिहिताना कल्पना नव्हती, असे ते म्हणतात. दोन महायुद्धे, छळछावण्या आणि बंदीखान्यांत वदवून घेतलेले कबुलीजबाब यांनी तो काळ व्यापलेला होता. टॉल्किन स्वतः १९१६ साली सोमच्या रणभूमीवर होते, आणि १९१८ उजाडेपर्यंत त्यांच्या जिवलग मित्रांपैकी एक सोडून बाकी सर्व मरण पावले होते. मोडून पडलेल्या सैनिकाला भित्रा म्हणावे की जखमी म्हणावे, हा प्रश्न त्या पिढीला पुस्तकातून शिकावा लागला नाही. फ्रोडोला फासावर चढवू पाहणाऱ्या वाचकाला दिलेले उत्तर म्हणजे, खरे पाहता, अशा सर्व मोडलेल्या माणसांची बाजू मांडणारे निवेदन होय.

आणि म्हणूनच या खंडातील विजयानंतरच्या पानांना महत्त्व आहे. अंगठी नष्ट झाली, राजा सिंहासनावर बसला, विवाह झाले, तरी कथा संपत नाही. हॉबिट घरी परततात तो त्यांचा मुलुखच परक्यांनी बळकावलेला असतो. झाडे तोडलेली, जुनी घरे पाडलेली, जुन्या गिरणीच्या जागी धूर ओकणारी नवी गिरणी उभी राहिलेली. या ठिकाणी एक लहानशी लढाई होते आणि तीत एकोणीस हॉबिट मरतात. फ्रोडो तिच्यात तलवार उपसत नाही. शरण आलेल्यांना कोणी मारू नये, एवढ्यासाठीच तो धडपडतो.

या प्रकरणावरून वाचकांत पुन्हा तट पडले. काहींना हे उपाख्यान अनावश्यक वाटले, तर काहींनी त्यात १९४५ नंतरच्या इंग्लंडातील राज्यकारभारावरील रूपक शोधून काढले. दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत टॉल्किन यांनी रूपकाची कल्पना साफ फेटाळली. हे प्रकरण कथानकाचा आवश्यक भाग म्हणून आरंभापासूनच योजलेले होते. त्याला अनुभवाचा आधार असलाच, तर तो आपल्या बालपणाचा आहे, कारण वयाची दहा वर्षे पुरी होण्यापूर्वीच आपला गाव कसा विद्रूप होत चालला हे आपण पाहिले होते, असे त्यांनी सांगितले.

रूपांतरकारांनाही हीच पाने अवघड गेली. ब्रिटिश नभोवाणीने १९५५ साली पहिल्या खंडाला सहा भाग दिले, आणि १९५६ साली उरलेले दोन्ही खंड मिळून सहाच भागांत आटोपले. लेखकाला तो प्रयोग रुचला नाही. १९८१ च्या सव्वीस भागांच्या नभोनाट्यात मात्र घरी परतल्यानंतरच्या लढाईलाही जागा मिळाली. पीटर जॅक्सन यांच्या २००३ सालच्या चित्रपटाला पुढील वर्षी अकरा ऑस्कर पारितोषिके मिळाली, परंतु त्यात हे प्रकरण वगळलेले होते. अग्निकुंडाच्या काठावरचा प्रसंगही पालटलेला होता. तेथे गॉलम आपोआप तोल जाऊन पडत नाही, तर फ्रोडो त्याच्याशी झोंबतो आणि त्या झटापटीत तो कोसळतो. एवढे करूनही शेवट फार लांबला, अशी पुष्कळ प्रेक्षकांची तक्रार राहिलीच.

परंतु तो लांबला नसता तर म्यूर यांच्या आक्षेपाला उत्तरच उरले नसते. चांगली मुले आनंदी होऊन घरी परतली, असे ते म्हणतात. फ्रोडो परततो हे खरे, पण तो आनंदी नाही. दर वर्षी ६ ऑक्टोबरला त्याची जुनी जखम दुखू लागते. मार्च महिना आला की तो पुन्हा आजारी पडतो. गेलेल्या अंगठीची आठवण त्याला पोखरीत राहते. ज्या मुलुखासाठी त्याने हे केले, तेथे त्याला फारसा मानही मिळत नाही, आणि सॅमला त्याचे दुःख होते. मुलुख वाचला, पण ज्याने वाचविला त्याला त्याचा उपभोग घेता येत नाही. अखेर तो बंदरावरून जहाजात बसून कायमचा निघून जातो, आणि सॅम बायकोकडे व तान्ह्या मुलीकडे घरी परत येतो. मुलांच्या मनोराज्याला असा शेवट सुचत नाही.

महाराष्ट्रीय वाचकाला ही रचना सर्वस्वी अनोळखी वाटू नये. महाभारताच्या अठरा पर्वांपैकी दहाव्या पर्वात युद्ध संपते. पुढची आठ पर्वे विजयानंतरची आहेत. त्यांत स्त्रियांचा विलाप आहे, युधिष्ठिराचा पश्चात्ताप आहे, यादवांचा विनाश आहे आणि पांडवांचे महाप्रस्थान आहे. नवव्या शतकात काश्मीरमध्ये होऊन गेलेल्या आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’त या खिन्न शेवटावर बोट ठेवूनच महाभारताचा प्रधान रस शांत होय, असा निर्णय दिला. ग्रंथात वीररस ओसंडून वाहत असताना त्याने शेवटाच्या साक्षीने सबंध ग्रंथ वाचला. टॉल्किन यांची श्रद्धा निराळी, परंपरा निराळी, आणि दोन ग्रंथांची तुलना करण्याचेही कारण नाही. पण शेवट हा कथेचा उरलासुरला भाग नसून तिचा अर्थ ठरविणारा भाग आहे, हा आनंदवर्धनाचा धडा येथेही उपयोगी पडतो.

टॉल्किन यांना आलेल्या सर्वच पत्रांत असा तंटा नव्हता. कोणी गीतांच्या चाली मागे, कोणी वनस्पतींचे अधिक अचूक वर्णन, कोणी राज्यव्यवस्थेचा तपशील. परिशिष्टे काहींना ओझे वाटली, तर काहींना ती अपुरी पडली. पुढे १९९७ आणि २००३ मध्ये ब्रिटनमधील वाचकांच्या कौलांत हा ग्रंथ पहिला आला आणि टीकाकार पुन्हा चकित झाले. कौलाने पुस्तकाची लोकप्रियता सिद्ध होते. त्यावरून त्याची थोरवी सिद्ध होतेच असे नाही.

या खंडाची खरी परीक्षा दुसरीकडेच आहे. ज्याने सर्व शक्ती वेचली आणि तरीही जो अखेरच्या पावलाला अडखळला, त्याच्याविषयी वाचक काय निर्णय देतो, हे ते पुस्तक शांतपणे पाहत असते. फ्रोडोविषयी सर्वांत कठोर निर्णय देणारा त्या कथेत कोणी असेल, तर तो स्वतः फ्रोडोच. त्याच्याबरोबर ती चढण चढलेला, अखेरीस त्याला पाठीवर घेऊन चाललेला सॅम मात्र त्याला एका शब्दानेही दोष देत नाही. तो फक्त त्याचा जखमी हात आपल्या हातात घेतो.